मी खोटी बोलतेय

मी खोटी बोलतेय. नीट वाचा हं. खोटं नाही, खोटी. ते माझं नाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. उलट खऱ्याखुऱ्या मंडळींनी घातलेले घोळ मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे नावाचा थोडा अभिमानच वाटतो.

मी पोलादाची चकती. तळहातात मावेन एवढी, बोटाच्या पेराएवढी जाड, वजनाला अर्धा किलोला जराशी कमी. जन्माने मी एका लांब सळईचा तुकडा. माझ्या मागच्यापुढच्या भावंडांचे बोल्ट झाले आणि ती कुठे कुठे अडकून बसली. मला मात्र लेथवर चढवलं, कातलं, लालभडक होईपर्यंत तापवलं आणि तेलात बुचकळलं. मग दोन्ही तोंडं घासून अशी सपाट केली की पाण्याचा थेंब माझ्यावर पडला तर कुठे जावं हे त्याला कळेना.

तिथून मी आले माती तपासायच्या प्रयोगशाळेत. लांबट खोली, उत्तरेकडे खिडक्या, भिंतीलगत सिमेंटचे ओटे आणि त्या ओट्यांवर ओळीने उभी यंत्रं. तिथे नाना होते. प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने मदतनीस. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तो खोलीभर शोधत फिरायचं ही त्यांची रोजची सकाळ. मला पाहताच त्यांनी हातात घेतलं, अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, "ये बाई. आता तू आमची खोटी माती."

त्याचीच पुढे नुसती 'खोटी' झाली.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. कुठे मोठी इमारत बांधायची असली की तिथली माती खोलवरून काढून आणतात. तिची माझ्याच मापाची चकती कापतात, जाड पोलादी रिंगेत बसवतात, वर आणि खाली सच्छिद्र दगड ठेवतात, ओल्या फिल्टर पेपरचा एकेक तुकडा घालतात आणि लांब दांडीला वजनं टांगून तिला दाबतात. आज एवढं, उद्या दुप्पट, परवा त्याच्या दुप्पट. दोन आठवडे हे चालतं. माती किती दबली ते डायलचा काटा सांगतो. इमारत किती खचेल, ते त्यावरून काढतात.

पण वजन टांगलं की एकटी मातीच दबते का? दांडी किंचित वाकते. दगड दबतात. कागद चेपतात. स्क्रू आपापल्या जागी सरकून बसतात. काट्याला बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही. जे काही सरकलं, ते सगळं तो मातीच्या नावावर टाकून मोकळा होतो. माणसंही पुष्कळदा असंच करतात म्हणा, पण तो विषय वेगळा.

म्हणून नाना आधी मातीच्या जागी मला बसवायचे. मी काही दबणारी नव्हे. दबलेच तर केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी, आणि त्याचा आकडा पुस्तकात दिलेला असतो. माझ्यावर तीच वजनं टांगायची. काटा जेवढा सरकेल, तो सगळा यंत्राचा प्रताप. तेवढा मातीच्या आकड्यातून वजा केला की मातीचा खरा आकडा हाती येतो. "आधी खोटी, मग खरी," असं म्हणत नाना मला रिंगेत सोडायचे आणि माझे आकडे रजिस्टरात एका रकान्यात लिहायचे. रकान्याच्या माथ्यावर एकच शब्द होता. 'खोटी'.

अशी एकतीस वर्षं गेली. मग नाना निवृत्त झाले आणि एक भानगड झाली.

निरोपाच्या दिवशी नानांना काय द्यावं यावर बरीच खलबतं झाली. कुणाला तरी मी दिसले. गोल, चकचकीत, सुबक. "नानांची आवडती आहे ही, कायम हातात असते," एकजण म्हणाला. एवढ्यावर ठरलं. मला नेऊन माझ्या एका तोंडावर कोरून आणलं: 'नानांना, सप्रेम'. खाली प्रयोगशाळेचं नाव, आणि सभोवती वेलबुट्टी. मला मखमली डबीत घातलं, भाषणं झाली, टाळ्या पडल्या. म्हणजे पाहा, सुताराला निरोप देताना त्याच दुकानातला काटकोन बघायचा एकुलता एक गुण्या द्यावा तसला हा प्रकार.

नानांनी घरी येऊन डबी उघडली आणि मला उलटंपालटं करून पाहिलं. "अगं, ही तर खोटी!"

त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, तोंडाला पदर लावला. "म्हणजे? एकतीस वर्षांनी नकली वस्तू दिली मेल्यांनी?"

दुसऱ्या दिवशी नाना मला परत करायला गेले. मोठे साहेब म्हणाले, "ठेवा हो नाना. नाव कोरलंय त्यावर. आम्ही दुसरी करून घेऊ." ती दुसरी आजतागायत झालेली नाही. मऊ माती आली की काटा एवढा धावतो की यंत्रामुळे डायलवर दोन-चार घरं इकडेतिकडे झाली तरी ते कुणाच्या खिजगणतीत नसतं. कुणाचं काही अडलं नाही. आणि जे अडत नाही ते कोण करतो?

नानांच्या घरी माझी वर्षं बरी गेली, पण मानाची नव्हेत. पहिले सहा महिने मी काचेच्या कपाटात होते. मग वर्तमानपत्र उडू नये म्हणून टेबलावर आले. मग दाराला अडसर. शेवटी माईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि अक्रोड फोडायच्या कामाला लावलं. "निदान काहीतरी उपयोग," त्या म्हणाल्या. जिने भल्याभल्या डोंगरांची माती जोखायला मदत केली, तिने अक्रोड फोडायचे! मी मुकाट्याने फोडले. एकदा लसूणही.

माईंचं मला कौतुक वाटायचं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस त्या चालत दहा मिनिटांवरच्या इस्पितळात जायच्या, चार तास यंत्राला जोडून घ्यायच्या आणि परत येऊन मलाच ऐकवायच्या, "बाई गं, आपण दोघी यंत्रातल्याच."

ते इस्पितळ जुनं झालं होतं. भिंतींना ओल, लिफ्ट निम्मा वेळ बंद. त्याच आवारात नवी आठ मजली इमारत बांधायचं ठरलं. पण जमिनीखाली होती निबर चिकणमाती. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असली. असल्या मातीला जुनं ओझं आठवतं म्हणतात. केव्हातरी तिच्या डोक्यावर मातीचे उंच थर होते. ते वाहून गेले, पण तिचा कणखरपणा राहिला. त्या जुन्या ओझ्यापर्यंत ती फारशी दबत नाही, त्यापलीकडे गेलं की मात्र हातपाय गाळते. ते ओझं नेमकं किती, हे साध्या यंत्रावर कळत नाही, तेवढी वजनंच त्याला पेलत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेने मोठ्या दाबाचं नवं यंत्र आणलं.

आणि त्या यंत्रावर ही माती तपासायचं काम कुणाकडे आलं असेल? नानांच्या सुनेकडे. ती मातीची इंजिनिअर. नाना निवृत्त झाल्यावर वर्षभराने ती त्याच प्रयोगशाळेत लागली. तिथे सगळे तिला मॅडम म्हणत, घरी ती सूनबाई. हुशार, कामाला वाघ, आणि जेवताना एका हाताने कागदावर आकडे मांडायची सवय.

त्या रविवारी दुपारी मात्र तिच्या ताटाजवळ कागद नव्हता. ती भात चिवडत बसली होती.

"काय झालं गं?" माईंनी विचारलं.

"आई, रिपोर्ट गुरुवारी द्यायचाय. इमारत अकरा सेंटिमीटर खचेल असं येतंय. सातच्या वर चालत नाही." "ती जागा रद्द होणार. सगळं इस्पितळच गावाबाहेर हलवायचं म्हणतात, माळावर."

माळ म्हणजे दोन बस बदलून दीड तास. जाऊन-येऊन तीन. आठवड्यातून तीन दिवस. इस्पितळातल्या त्या यंत्रावरून उठल्यावर माईंना घराच्या पायऱ्या चढतानाच तीनदा बसावं लागायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं.

"बरं झालं," माई म्हणाल्या. "मला तेवढंच फिरणं होईल." आणि सुनेच्या भातावर आमटी वाढली.

नानांनी चष्मा कपाळावर ढकलला. "निबर चिकणमाती आणि अकरा? खोटी किती धरलीस?"

"खोटी? छे, या वेळी काहीच खोटी झाली नाही. वीज गेली नाही, वजनं वेळेवर चढली. एक दिवसाचाही खोळंबा नाही."

"तसली खोटी नाही गं. रजिस्टरातली."

"हो, तो रकाना ना? खोटीचा? पहिल्याच महिन्यात मी तो काढून टाकला, नाना. कॉम्प्युटरवर तक्ता केला तेव्हा. मला वाटलं, कामाची किती खोटी झाली ते तुम्ही लिहून ठेवत होता."

नाना खुर्ची मागे ढकलून उठले, स्वयंपाकघरात आले, अक्रोडाच्या टरफलांतून मला उचललं आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवलं. "ही खोटी. माती निबर आणि वजनं भारी असली की मातीच्या बरोबरीने यंत्रही सरकतं, ते किती हे ही सांगते. आणि हिच्यावाचून तुझ्या कामाची पुरती खोटी झालीय."

तिला समजायला अर्धं मिनिट लागलं. कपाळावर हात मारून घेतला तिने. आणि मग, नवलाची गोष्ट, ती खूश झालीच नाही. चेहरा आणखी उतरला.

"नाना, आकडा खाली यावा असं मला किती वाटतंय ते मलाच माहीत. आईंसाठी. आता मी वजाबाकी करून कमी आकडा दिला, तर मला तरी कसं कळेल की मी खरं केलं की हवं ते केलं?"

"म्हणून तर ही आहे," नाना म्हणाले. "हिला ना इस्पितळ हवं, ना माळ. दाब आणि बघ काय म्हणते."

सोमवारी सकाळी तीन वर्षांनी मी प्रयोगशाळेत परतले. तोच ओल्या मातीचा वास. काय सांगू, भरून आलं मला. रिंगेत अल्लाद उतरले. "काटा मी वाचणार नाही," असं सूनबाईने आधीच सांगून टाकलं होतं. मोठ्या साहेबांना तिने स्टुलावर बसवलं. "साहेब, तुम्ही वाचा, मी नुसतं लिहिणार." साहेब कुरकुरले, पण बसले.

वजनं चढत गेली. काटा सरकत गेला. मातीच्या वेळी तो दोनशे घरं गेला होता. माझ्या वेळी किती? एकशे चाळीस.

साहेब ओरडलेच. "एकशे चाळीस यंत्राचंच? मग खचणं येतं साडेतीन सेंटिमीटर! मॅडम, सुटलो की! लिहा आणि द्या पाठवून."

ती लिहिणार होती. पेन टेकलं होतं. मी खालून पाहत होते आणि मला ठाऊक होतं की काहीतरी चुकतंय. माझ्या पाठीला काहीतरी टोचत होतं. पण मला बोलता येतं थोडंच?

"एकदा पुन्हा करू," ती म्हणाली. नवे कागद, तीच वजनं. एकशे अठरा.

"साडेचार," साहेब म्हणाले. "तरी पास. काय हरकत आहे?"

"एकाच चकतीचे दोन आकडे येतात, साहेब. म्हणजे दोन्हीवर विश्वास नाही."

तिने मला बाहेर काढलं आणि वरचा ओला कागद अलगद सोलला. उजेडात धरला. कागदावर उलट्या, उठावदार अक्षरांत उमटलं होतं: 'नानांना, सप्रेम'. वेलबुट्टीसकट. एवढ्या दाबाखाली कागद माझ्या कोरलेल्या अक्षरांत शिरत होता, दर वेळी वेगळा, आणि काटा तेही मोजत होता. प्रेमाने लिहिलेलं आकड्यांत आलं होतं.

दुसरी चकती करून, तापवून, घासून घ्यायची म्हणजे दहा दिवस. गुरुवार तीन दिवसांवर. तिने नानांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"घासून टाक," नाना पलीकडून म्हणाले.

"नाना, तुमचं नाव आहे त्यावर. आणि साहेबांच्या मते आहे तसं दिलं तरी चालेल. घासल्यावर आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. सातच्या वरही जाईल. मग आईंना..."

तेवढ्यात माईंचा आवाज आला. त्यांनी फोन हिसकावून घेतला असावा. "हे बघ, माझ्यासारखी तिथे शेकडो माणसं रोज जाणार-येणार आहेत. भिंत तडकली तर मी दहा मिनिटांवर असून काय उपयोग? घास म्हणतायत ना ते, घास. अक्रोड मी वरवंट्याने फोडीन."

त्या दुपारी ग्राइंडिंगवाल्याने मला चुंबकावर चिकटवलं. गॉगल वर करून त्याने वाचलं. "कुणाचं तरी नाव आहे बाई. घासू?" सूनबाईने मान हलवली. चाक फिरलं, दूध घातलेल्या चहासारखं पाणी वाहिलं, ठिणग्या उडाल्या. आधी वेलबुट्टी गेली. मग प्रयोगशाळा. 'सप्रेम' जरा खोल होतं, ते शेवटपर्यंत टिकलं. मला दुखलं का? खरं सांगते, थोडं दुखलं. एकतीस वर्षं ज्यांनी रोज पुसलं, त्यांची एवढीच खूण होती माझ्यापाशी.

मंगळवारी पुन्हा साहेब स्टुलावर. या वेळी नानाही आले होते. कोपऱ्यात हात मागे बांधून उभे, चष्मा कपाळावर, त्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं.

पहिल्यांदा शहाऐंशी.

दुसऱ्यांदा, नवे कागद घालून, शहाऐंशी.

तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी.

सूनबाईने वजाबाकी केली. दोनदा केली. मग कागद साहेबांपुढे सरकवला, "तुम्ही करून बघा." साहेबांनी केली आणि पेन ठेवलं.

"सव्वासहा."

ती पुढेही गेली. प्रत्येक वजनाच्या आकड्यातून माझा आकडा काढला आणि मातीची रेघ नव्याने काढली. आधी ती रेघ नुसती घसरत जात होती, कुठे वळते ते कळत नव्हतं. आता वळण लख्ख दिसलं. आणि ते इस्पितळाच्या ओझ्याच्या पुष्कळ पलीकडे होतं. त्या मातीने याहून मोठं ओझं वाहिलेलं होतं आणि ते ती विसरली नव्हती.

सूनबाईने ओट्यावर डोकं टेकलं आणि रडली. मोकळं, खांदे हलवून. नानांनी तिच्या पाठीवर थोपटलं, मग घरी फोन लावला. "अगं, चालतच जायचं आहे तुला."

"मग चहा टाकते," माई म्हणाल्या. "दोघं या लवकर." आणि फोन ठेवायच्या आत त्यांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला, तो मला ओट्यावर ऐकू आला.

रिपोर्ट गुरुवारी गेला. पुढे इमारत उभी राहिली. पहिल्या दोन वर्षांत ती पाच सेंटिमीटर खचली, सगळीकडून सारखी, मुकाट्याने. माई तिथे जातात, हल्ली पाचव्या मजल्यावर, खिडकीजवळची खुर्ची धरून. एकदा येता येता प्रयोगशाळेत डोकावल्या. मला हातात घेतलं. "बघू. अगदी नव्यासारखी दिसतेस गं. इथे अक्रोड नाहीत ना?"

मी आता लाकडी डबीत राहते, मोठ्या यंत्राच्या शेजारी. डबीवर लिहिलंय: 'भेट देऊ नये'. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. माझ्यावर चहाचा कप ठेवू नका, मला दाराशी लावू नका, आणि माझ्यावर कितीही प्रेम आलं तरी ते कोरू नका. आणि काही बिनसलं की सगळं मातीच्या माथी मारण्याआधी आपलं यंत्र किती दबलं, ते एकदा बघत जा.

सूनबाईने तक्त्यात तो रकाना परत घातला. नवीन लागलेल्यांचा पुन्हा तसाच गोंधळ होऊ नये म्हणून माथ्यावर नुसतं 'खोटी' लिहिलं नाही. 'नानांची खोटी' असं लिहिलं. माझ्या पाठीवरचं नाव पुसलं गेलं, ते आता प्रत्येक मातीच्या आकड्याआधी येतं.

ती बघा, सूनबाई डबी उघडतेय. कुठून तरी नवा नमुना आलेला दिसतो. आधी मी.